सहा फुटी घोरपड झाडावर बसून काय खाते?

ओंडका (धागाकर्ता)

परवा कोमोडो ड्रॅगनच्या (इंडोनेशियातली ती अजस्र घोरपड) धाग्यावर 'छातीठोक' या आयडीने लिहिलं होतं, "घोरपडीच्या अख्ख्या कुळात फळं खाणारं कुणी दाखवा, मी आयडी बदलतो." तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढलाय. छातीठोकराव, नवीन नाव शोधायला लागा.

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाचा दक्षिण भाग आणि त्याच्या पूर्वेकडची पोलिलिओ, कातान्दुआनेस ही बेटं, एवढ्याच मुलखात एक घोरपड राहते. शास्त्रीय नाव व्हॅरानस ऑलिव्हेशियस. इंग्रजी पुस्तकांत तिला ग्रेज मॉनिटर म्हणतात, तिथली माणसं बुता-अन म्हणतात. मी बुता-अनच म्हणणार, कारण ग्रेसाहेबांचा आणि तिच्या जंगलाचा काही संबंध नव्हता. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहा फुटांच्या आसपास, वजन नऊ किलोच्या वर जाऊ शकतं. रंग शेवाळलेल्या दगडासारखा हिरवट करडा, त्यावर गडद पट्टे. एवढं धूड वर फांदीवर पोट टेकून पडलेलं असलं तरी खालून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

शास्त्रज्ञांनाही बराच काळ तो पत्ता लागला नव्हता. १८५७ मध्ये हॅलोवेल या अमेरिकन अभ्यासकाने तिला ऑलिव्हेशियस नाव दिलं. १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयातल्या नमुन्यांवरून बूलेंजरने त्याच प्राण्याला 'ग्रेई' असं दुसरं नाव ठेवलं. एकाच प्राण्याची दोन बारशी, आणि दोन्ही वेळा पाळण्यात लहानगीच. पूर्ण वाढलेल्या बुता-अनचं पहिलं वर्णन छापून आलं ते थेट १९७६ मध्ये. ते लिहिणारा वॉल्टर ऑफेनबर्ग म्हणजे तोच, कोमोडो बेटावर बायकामुलांसह जाऊन राहिलेला फ्लोरिडाचा प्राणिशास्त्रज्ञ.

आता गंमत बघा. जगातल्या सगळ्यात मोठ्या मांसखाऊ सरड्यामागे वर्षं घालवलेल्या या माणसाने बुता-अनचं पोट उघडलं आणि आत निघाल्या बिया. केवड्याच्या कुळातल्या झाडांच्या, पिली (बदामासारखं तिथलं सुकं फळ) हिच्या नात्यातल्या कॅनारियमच्या, फालशाच्या नात्यातल्या मायक्रोकॉसच्या. १९८८ मध्ये या एकाच प्राण्यावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं.

चर्चा होऊ द्या. चुका दाखवल्यात तर राग नाही.

टिपकागद

मस्त धागा, वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न: घोरपड चावून खात नाही ना? मग फळ खाते कशी? आंब्यासारखं चोखून?

ओंडका

चावून खात नाही, अख्खं गिळते. केवड्याच्या कुळातल्या फळाला पाचरीसारखे तुकडे असतात, अननसाच्या डोळ्यांसारखे दाटीने बसलेले. पिकले की सुटून खाली पडतात. बुता-अन झाडावरून उतरते ती बहुतेक या पडलेल्या फळांसाठीच. जीभ लपलपवत पालापाचोळा हुंगायचा (जिभेची दोन टोकं वास गोळा करून टाळूतल्या अवयवाकडे पोचवतात), सापडलेला तुकडा जबड्यात धरायचा, मान वर करायची आणि दोन-तीन झटक्यांत घशात सोडायचा. गर तेवढा अंगी लागतो, बी जशीच्या तशी मागच्या वाटेने बाहेर. समोर दिसेल ते फळ मात्र खात नाही. तिची झाडं ठरलेली आहेत. जंगलात शेकडो जातींची झाडं, पण हिची मोजकीच, आणि त्यांचा बहर सरेल तशी ती एकीकडून दुसरीकडे सरकते.

छातीठोक

धागा वाचला. पण पोटात फक्त बियाच निघाल्या का? माझ्या माहितीप्रमाणे ती गोगलगायी आणि खेकडेही खाते. म्हणजे फळं 'पण' खाणारी झाली. आयडी शाबूत.

ओंडका

तुमच्या वाक्यात 'फक्त' नव्हतं. स्क्रीनशॉट ठेवलाय.

पण मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मुख्य लेखात लिहायला हवा होता. झाडावरच्या गोगलगायी हा तिचा मोठा आहार आहे. तोंडात धरून कवचासकट फोडते. लहान असताना तर ती फळांकडे जवळजवळ वळतच नाही, किडे-गोगलगायीच खाते. वय वाढेल तसा फळांचा वाटा वाढतो.

दंतकथा

पेशाने दातांची डॉक्टर असल्यामुळे मी इथे उडी मारणारच होते.

वर लहान आणि मोठीच्या खाण्यातला फरक लिहिलाय तो तोंड उघडलं की दिसतो. बुता-अनच्या लहान पिल्लाचे दात पातळ, टोकदार, मागे वळलेले, कुठल्याही शिकारी घोरपडीसारखे. मोठीचे दात, विशेषतः जबड्याच्या मागच्या बाजूचे, बोथट आणि जाड खुंटांसारखे. शेजारी शेजारी ठेवले तर एकाच प्राण्याचे वाटणार नाहीत. आपल्याला आयुष्यात दातांचे दोनच संच मिळतात आणि दुसऱ्याची नासाडी केली की माझ्यासारखीच्या खुर्चीत बसावं लागतं. घोरपडीचे दात आयुष्यभर पडत आणि नवीन येत राहतात. म्हणून तिच्या शरीराला ही सोय आहे, की प्रत्येक नवीन दात आधीच्यापेक्षा थोडा जाड पाठवायचा. किडे पकडायच्या चिमट्याचा हळूहळू अडकित्ता होतो. आफ्रिकेतल्या नाईल घोरपडीतही वयाबरोबर असाच फरक पडतो. तीही मोठेपणी शंखशिंपले फोडते.

माझं मत असं की हे बोथट दात फळांसाठी आलेले नाहीत. फळ गिळायचंच आहे तर दात कसेही चालतील. ते गोगलगायींसाठी आहेत. म्हणजे छातीठोकरावांच्या बाजूने अर्धा गुण.

बिनपंखी

दंतकथाताई, अडकित्ता! _/\_

एक शंका. नऊ-दहा किलोचा सरडा सरळसोट खोडावर चढतो तेव्हा त्याला धाप लागत नाही का? कुठेतरी वाचलं होतं की सरडे पळता पळता श्वास घेऊ शकत नाहीत.

ओंडका

बरोबर वाचलंय, पण घोरपड त्यातून पळवाट काढते. सरडा पळताना अंग डावी-उजवीकडे वळवतो, आणि बरगड्यांचे जे स्नायू अंग वळवायला लागतात तेच श्वासालाही लागतात. दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. घोरपड गळ्याची पिशवी फुगवून भात्यासारखी हवा फुफ्फुसात ढकलते. क्ष-किरणांनी चित्रण करून हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं, आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीवर. त्याच जातीच्या फुफ्फुसात हवा बऱ्याच भागात एकाच दिशेने वाहते, पक्ष्यांच्या फुफ्फुसासारखी, हे २०१४ मध्ये छापून आलं. बुता-अनवर असे प्रयोग झाल्याचं माझ्या वाचनात नाही, पण भाता सगळ्या घोरपडींना आहे. चढताना गळा हलताना दिसतो तो त्यामुळे.

नखं मात्र खास. चांगली बाकदार आणि लांब. वर्षानुवर्षं एकाच झाडावर ये-जा असली की खोडावर ओरखड्यांच्या वाटा पडतात.

वाटसरू

त्या वाटा मी पाहिल्यात. इथे कुणी बुता-अनचं नाव काढेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणून वाचनमात्र असूनही लिहितोय.

कामानिमित्त काही काळ लुझॉनला होतो. सोबतच्या एकाचं आजोळ पोलिलिओचं, तो म्हणाला चल. रेआलच्या धक्क्यावरून बोट पकडली. बेटावर त्याच्या ओळखीचा एक पन्नाशीचा माणूस जंगलात न्यायला तयार झाला. सगळे त्याला कूया म्हणत, म्हणजे दादा. मीही तेच म्हणू लागलो.

तीन दिवस फिरलो. बुता-अन दिसली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत वाचून शिव्या द्याल.

पहिल्या दिवशी फक्त जळवा. त्यांना तिथे लिमातिक म्हणतात. मोज्यांच्या आत, कानामागे, कुठेही. दुसऱ्या दिवशी कूयाने एका खोडापाशी थांबून माझा हात धरला आणि सालीवर ठेवला. डोळ्यांना आधी काही कळलं नव्हतं, बोटांना कळलं. चार-पाच समांतर चरे, मग हातभर वर पुन्हा तसेच, मग पुन्हा. काही जुने, कडा भरून आलेल्या, त्यात शेवाळ धरलेलं. काही अगदी ताजे, आतून साल ओली आणि फिकट. मान वर करून पाहिलं तर ती ओळ पहिल्या फांदीपर्यंत गेलेली, आणि पहिली फांदी एवढ्या उंचावर की टोपी पडली. कूया म्हणाला, "बुता-अन." मी विचारलं, बायावाक नाही कशावरून? (बायावाक म्हणजे तिथली साधी पाणघोरपड, गावात कोंबड्या पळवणारी.) तो हसला. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचा अर्थ असा, की बायावाक चोर आहे, चोर रोज एकाच दाराने येत नाही.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या खडकावर तिची विष्ठा सापडली. कुठलाही मांसाहारी प्राणी असता तर आधी नाकाला कळलं असतं. इथे वास असा नव्हताच, ओल्या पाल्यासारखा काहीतरी. बाजूला पांढरा खडूसारखा गोळा, सरपटणाऱ्यांचा असतो तसा, आणि बाकी सगळ्या बिया. तीन धारांच्या कठीण मोठ्या बिया आणि काही लहान. कूयाने काडीने एकेक बाजूला केल्या. चिरलेली किंवा फुटलेली एकही नाही. मध्येच गोगलगायीच्या झाकणाचे चकचकीत तुकडे.

कुत्री घेऊन शिकार करणारे लोक होते, आहेत, असंही तो म्हणाला. कुत्रं भुंकलं की ती झाडावर जाते आणि तिथेच थिजून बसते. जंगलातल्या इतर सगळ्यांपासून वाचायला हा उपाय पुरतो, माणसापासून नाही.

टिपकागद

हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे हो! फोटो?

वाटसरू

ओरखड्यांचे काढले होते, फोटोत नुसतं झाड दिसतं.

पानगळ

सगळ्यांनी ऑफेनबर्गचं कौतुक केलंय म्हणून जरा मिठाचा खडा. "पोट उघडलं आणि बिया निघाल्या" हे वाक्य किती सहज लिहिलंय ओंडकाराव! एक पोट नव्हतं ते. दक्षिण लुझॉनमधल्या कारामोआनच्या भागात त्याने शिकाऱ्यांच्या कुत्र्यांकरवी शंभराहून जास्त बुता-अन पकडवल्या आणि कापल्या. जिला शतकभर कुणी धड पाहिलं नव्हतं अशा प्राण्याच्या शंभरावर! आहार कळावा म्हणून?

नंतर डॅनियल बेनेट आणि त्याच्या सोबत्यांनी पोलिलिओवर वर्षानुवर्षं काम केलं. वर वाटसरूंनी पाहिलेल्या याच दोन गोष्टी, खोडावरचे ओरखडे आणि विष्ठा, आणि तिसरी म्हणजे फळझाडांपाशी लावलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. एकही प्राणी न मारता तेच उत्तर मिळालं.

ओंडका

मान्य आहे आणि नाहीही. आकडा खरा आहे, मी लिहायला हवा होता. पण 'तेच उत्तर' म्हणताना एक गोष्ट सुटते. बेनेट विष्ठेत बिया शोधायला गेला कारण बिया शोधायच्या असतात हे ऑफेनबर्गमुळे माहीत होतं. घोरपड म्हणजे मांसाहारी, हे तोवर पाठ्यपुस्तकी सत्य होतं. बिया भरलेली विष्ठा कुणाला मिळाली असती तर त्याने ती उदमांजराची म्हणून सोडून दिली असती.

दंतकथा

आणि मी वर दातांबद्दल जे ठासून लिहिलं ते कवट्यांशिवाय कळलं नसतं. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने कवट्या लागतात त्याला.

पानगळ

दहा कवट्यांत कळलं नसतं? आणि ती विष्ठा उदमांजराची वाटली असती हे तुमचं गृहीतक झालं. वाटसरूंच्या कूयाला कुणी शिकवलं होतं? त्याला खोड बघून कळतं. बेटावरच्या लोकांना विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की ही फळं खाते.

ओंडका

ऑफेनबर्गही शिकाऱ्यांबरोबरच फिरत होता. असो, दहा कवट्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तो बिनतोड आहे.

फळखाऊ_गोगलगायीसह

(पूर्वाश्रमीचा छातीठोक.) शब्द पाळला. आता मला सांगा, फळं खाणारी ही एकटीच का आणखी आहेत? एकटी असेल तर अपवाद म्हणून सोडून देऊ.

निंबोणी

आणखी दोन आहेत, आणि तिघीही फिलिपिन्सच्याच. यातली शेवटची माझी लाडकी, म्हणून मीच लिहिते.

पनाय बेटावरची मबितांग. काळीभोर. जर्मनीच्या गाउल्के आणि कूरियो यांनी २००१ मध्ये तिचं वर्णन केलं. पनायवरच्या उरल्यासुरल्या जंगलात राहते आणि तिघींत तिची अवस्था सगळ्यात नाजूक आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत बुता-अन 'असुरक्षित' आहे, मबितांग त्याहून एक पायरी वरच्या धोक्यात, 'संकटग्रस्त'.

तिसरी बितातावा. हिची गोष्ट ऐका. लुझॉनच्याच उत्तर भागात सिएरा माद्रे डोंगररांग आहे. २००१ मध्ये तिथे शिकाऱ्यांनी धरलेल्या एका मोठ्या घोरपडीचे फोटो बाहेर आले. काळं अंग, त्यावर सोनेरी पिवळे ठिपके, पायांवर ठिपक्यांची दाटी, लांबी दोन मीटरपर्यंत. शास्त्रज्ञांच्या हाती मात्र पूर्ण वाढलेला नमुना नव्हता. २००९ मध्ये एका शिकाऱ्याकडून मोठा नर मिळाला, आणि एप्रिल २०१० मध्ये ती नवीन जात म्हणून जाहीर झाली. बुता-अनपासून दीडशे किलोमीटर अंतर, मध्ये तीन नदीखोऱ्यांचा सखल मुलूख. झाडावरून क्वचितच उतरणाऱ्याला उघडी खोरी म्हणजे समुद्रच. दोघी वेगळ्या पडल्या, आणि त्यांच्या जनुकांत तो फरक उतरला.

दोन मीटरचा, सोनेरी ठिपक्यांचा प्राणी, लुझॉनसारख्या गजबजलेल्या बेटावर, २०१० पर्यंत 'अज्ञात'! पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनाच्या एका संस्थेच्या दहा उल्लेखनीय नवीन जातींच्या यादीतही आली. तिथले आग्ता आणि इलोंगोत आदिवासी तिला पिढ्यानपिढ्या पकडून खात होते. बितातावा हे नाव त्यांचंच. पानगळ, तुमच्या मुद्द्याला पुरवणी.

बिनपंखी

मग झाडावरची सगळ्यात मोठी घोरपड हीच का?

निंबोणी

लांबीत नाही. न्यू गिनीची साल्वादोरी घोरपड, जिला मगर-घोरपड म्हणतात, ती अडीच मीटरच्या घरात जाते. पण त्या लांबीचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग शेपटीचा. आणि ती पक्की शिकारी आहे, लांब सुळ्यांसारखे दात. फळं दाखवलीत तर दाखवणाऱ्याचा हात खाईल.

टिपकागद

या सगळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे का तिथे?

ओंडका

आहे. २००१ चा वन्यजीव कायदा, प्रजासत्ताक अधिनियम ९१४७. उत्तर सिएरा माद्रेत मोठं संरक्षित उद्यानही आहे. पण माझ्या मते शिकारीपेक्षा मोठं दुखणं जंगलाचं आहे. सखल भागातली लौआन या तिथल्या झाडांची उंच जंगलं गेल्या शतकात लाकडासाठी तुटली, उरलेल्यात फिरती शेती शिरली. जी घोरपड मांस खाते ती शेताबांधावर उंदीर मारून जगेल, बायावाक तशीच जगते. बुता-अनला वर्षभर पुरतील एवढी तिची झाडं एका जंगलात लागतात. त्यातलं एक झाड तोडलं की वर्षातले काही आठवडे उपाशी.

उलट बाजूही आहे. एवढ्या मोठ्या बिया अख्ख्या गिळून दूर टाकणारे तिथे किती उरलेत? धनेश, मोठी वटवाघळं, उदमांजरं, आणि ही. तेही सगळे शिकाऱ्यांच्या निशाण्यावर.

पानगळ

यावर आपलं एकमत. नोंद घ्यावी.

फळखाऊ_गोगलगायीसह

वाटसरू, एक राहिलं. खडकावरच्या त्या बिया मोजल्या होत्या का?

वाटसरू

मोजल्या. सतरा. परत येताना रेआलच्या धक्क्यावर बूट धुवायला बसलो तर तळव्याच्या खाचेत अठरावी निघाली, लहान, फालशाच्या बीएवढी. पोलिलिओपासून बोटीने माझ्याबरोबर आली होती.